बाबांचा बेंजो, त्याचे आजोबा

गिटार वाजवताना दोन्ही हातांच्या जागा ठरलेल्या असतात. डावा हात मानेवर तारा दाबतो, उजवा खाली पोकळीपाशी तारा छेडतो. माझा उजवा हात तिथं फार वेळ थांबत नाही. तो वर चढतो, डाव्याच्या शेजारी जातो, आणि मग दोन्ही हातांची बोटं तारांवर नुसती पडत राहतात. तार छेडायचीच नाही. बोट नेमक्या जागी, नेमक्या जोरानं आपटलं की सूर निघतो. याला टॅपिंग म्हणतात. डाव्या हातानं खाली चाल धरून ठेवायची आणि उजव्यानं वर गाणं म्हणायचं. डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं जण वाजवताहेत.

हे मी परदेशी वादकांचे व्हिडिओ बघून शिकले, असा बहुतेकांचा समज असतो. ते व्हिडिओ मी पाहिले, चिकार पाहिले, आणि त्यांच्याकडून घेतलंही. पण ते नंतर. आधी खापरखेड्याच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमधल्या दुपारी होत्या.

बाबा वीज केंद्रात ऑपरेटर होते. आई दवाखान्यात नर्स. तिची रात्रपाळी असली की ती दुपारी झोपायची आणि बाबा पहिली पाळी करून घरी यायचे तेव्हा घरात चिडीचूप असायचं. बाबांना बेंजोचा नाद होता. भजनी मंडळात असतो तोच बेंजो : लाकडी खोकं, त्यात तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटण दाबायचं, दुसऱ्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीनं तारा छेडायच्या. बटणांवर आईनं लाल नेलपॉलिशनं सारेगम लिहून दिलं होतं. गुरुवारी मंडळात बाबा जोरात वाजवायचे, पण सराव करायचा तो दुपारीच. आणि दुपारी आई झोपलेली.

म्हणून बाबा पट्टी बाजूला ठेवून द्यायचे. तारा छेडायच्याच नाहीत, फक्त बटणं दाबायची. प्रत्येक बटणासरशी टक् असा आवाज आणि त्याच्या पोटात अगदी बारीक एक सूर. दोन हात अंतरावरून तो ऐकूसुद्धा येत नसे. मी फरशीवर पालथी पडून खोक्याला कान लावायची. मग सगळं भजन ऐकू यायचं, जणू लाकडाच्या आत कुणी गुणगुणतंय. वीज केंद्राची घरघर कॉलनीत चोवीस तास असे. बाबा त्या घरघरीतच आपला सा शोधायचे. म्हणायचे, "फुकटचा तानपुरा आहे हा, पोट्टे."

शाळेत असताना हातात गिटार आली. तारेवर बोट आपटून आवाज निघतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मला ते आधीच माहीत होतं. उलट गिटारवाले तार छेडण्यात एक हात काहून वाया घालवतात, हेच कळत नव्हतं.

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहायला आलो. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मला तो भेटला.

त्याचं घर इतवारीतलं. वडिलांचं भांड्यांचं दुकान, त्यावरच घर. तो पिकनं, म्हणजे हातातल्या छोट्या पट्टीनं, वाजवायचा आणि फार वेगानं वाजवायचा. मी गॅदरिंगमध्ये टॅपिंगवर एक धून वाजवली आणि खाली उतरले, तर तो जिन्यातच उभा होता.

"हे काय होतं वं?" तो म्हणाला. "मले शिकव."

असं सरळ मागणारा माणूस मला आवडला. पुढे दोन-अडीच वर्षं तो संध्याकाळी आमच्या गच्चीवर यायचा. मी त्याला सगळं दिलं. मनगट कुठं टेकवायचं, बोटाचा कुठला भाग तारेवर पडला पाहिजे, बोट उचलताना तार किंचित ओढून सोडली की दुसरा सूर कसा निघतो. टॅपिंग करताना मोकळ्या तारा उगीच गुणगुणतात. त्यावर उपाय म्हणून मी माझा केसांचा रबर गिटारच्या मानेवर चढवायची. त्याला हसू आलं होतं. आठवड्यानं तो आपल्या बहिणीचा रबर घेऊन आला, निळा, चमकीचा.

बाबांचा तो लाडका झाला. त्याचं कारणही होतं. आमच्याकडे येणाऱ्या कुणीच बाबांना बेंजोबद्दल कधी विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं. बाबांनी बेंजो काढला, पट्टी बाजूला ठेवली आणि त्याला म्हणाले, "लाव कान." आई झोपलेली असायची, मी पालथी पडायची, वीज केंद्राचा सा, सगळं सगळं सांगितलं. तो खोक्याला कान लावून बराच वेळ बसला. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खरं होतं. आजही मला तसंच वाटतं.

बेंजोची काही बटणं अडकत होती, स्प्रिंगा गंजल्या होत्या. तो म्हणाला, "काका, आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एक जण पेट्या दुरुस्त करते. मी घेऊन जातो, नीट करून आणतो." बाबांनी बेंजो जुन्या चादरीत गुंडाळून दिला आणि फाटकापर्यंत त्याला सोडायला गेले.

आम्ही दोघं एकत्र वाजवू लागलो होतो. लग्नाची रिसेप्शनं, कॉलेजांचे कार्यक्रम, एकदोन कॅफे. ठरलं होतं की दिवाळीनंतर पुण्याला जायचं, तिथं खोल्या बघायच्या आणि दोन गिटारींचा कार्यक्रम उभा करायचा. तोवर मला नोकरी लागली होती, तिचा राजीनामा मी टाइप करून ठेवला होता. दिवाळीच्या आधीच तो एकटा गेला. नुसतं बघून येतो म्हणाला. पंधरवड्यानं मेसेज आला : "इथं एकट्यानंच सुरुवात केलेली बरी, असं वाटून राहिलं. तू समजून घेशील."

मी समजून घेतलं. म्हणजे तसं स्वतःला सांगितलं. मैत्री होती, भांडण कशाला? राजीनामा दिला नाही. पुढे काही वर्षांनी नोकरी सोडली ती घरी शिकवण्या सुरू करायला. बाबा अधूनमधून विचारायचे, "बेंजोचं काय झालं वं?" मी फोन केला की तो म्हणायचा, कारागीर गावी गेलाय. मग म्हणाला, दुकानाच्या माळ्यावर आहे, पुढच्या वेळी आणतो. मग फोनच कमी झाले.

माझ्याकडे शिकायला माझ्याच वयाच्या एक बाई येतात. बँकेत असतात, संध्याकाळी गिटार घेऊन येतात. एक दिवस त्या आल्या त्या उत्साहातच. "मॅडम, हे बघा, हा अगदी तुमच्यासारखं वाजवतो," म्हणून त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

तो होता. दाढी वाढवलेली, अंगात खादीचा कुर्ता. मुलाखत चालली होती. समोरच्या मुलीनं विचारलं, "हे टॅपिंग तुमच्याकडे आलं कुठून? तुमच्यावर प्रभाव कुणाचा?"

तो खाली बघून हसला. आणि स्वच्छ पुणेरी बोलीत म्हणाला, "खरं सांगू का? माझे आजोबा बेंजो वाजवायचे. आजी दुपारी झोपलेली असायची. तिची झोपमोड होऊ नये म्हणून ते तारा छेडायचेच नाहीत, नुसती बटणं दाबायचे. मी फरशीवर पालथा पडून खोक्याला कान लावायचो..."

त्याच्या मागे फळीवर बेंजो होता. वर छोटा दिवा सोडलेला. लाल अक्षरं मला मोबाइलच्या पडद्यावरसुद्धा वाचता आली.

"किती सुंदर ना, मॅडम?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मी तास पूर्ण घेतला. त्यांच्या बोटाच्या चुका दाखवल्या. त्या गेल्यावर एकामागून एक त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले. त्यानं माझी एकही धून उचललेली नव्हती. मी शोधत होते, पण एकही सापडली नाही. धून चोरली तर ती पकडता येते, लोकांना दोन्ही वाजवून दाखवता येतात. त्यानं असं काही घेतलं होतं जे वाजवून दाखवता येत नाही.

तो व्हिडिओ आईबाबांना दाखवू की नको, यात दोन दिवस गेले. मग दाखवला. बाबांनी चष्मा लावून दोनदा बघितला. पहिल्यांदा म्हणाले, "बेंजो चांगला दिसून राहिला." दुसऱ्यांदा बघून झाल्यावर चष्मा काढून घडी केली, वर गच्चीवर गेले आणि सकाळीच पाणी दिलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालू लागले.

आईला मात्र राग आवरेना. "मी रात्रभर लोकायची दुखणी काढून येत होती," ती म्हणाली. "माझ्या झोपेसाठी तुझ्या बाबानं वाजवणं सोडलं होतं. अन् यानं माझी झोप आपल्या आजीले देऊन टाकली? तिले का गरज होती तिची?"

मी त्याला फोन केले. त्यानं उचलले नाहीत. "जरा धावपळीत आहे, सविस्तर बोलू," असा मेसेज आला. काही आठवड्यांनी नागपुरात त्याच्या कार्यक्रमाचे फलक लागले. तो घरी उतरेल हे मला माहीत होतं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी इतवारीत गेले. गल्लीत हातगाड्या आणि टेम्पो अडकलेले. गाडी बाहेर लावून चालत निघाले. दुकानात त्याचे वडील गल्ल्यावर बसले होते, आणि तो आतल्या बाजूला, पाणी भरायच्या पितळी गुंडांच्या रांगेपाशी, स्टुलावर चहा पीत होता.

मला बघून उठला. हसला. "अरे वा! ये ना वं."

"बेंजो कुठी आहे?" मी विचारलं.

"पुण्याला. अगदी नीट ठेवला आहे. काकाले सांग, काळजी नको करू म्हणा."

"तुझ्या आजोबाचा आहे ना तो? मंग काका काहून काळजी करतीन?"

त्यानं वडिलांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ऐक ना. पहिल्या मुलाखतीत मी खरं सांगितलं होतं. एका मैत्रिणीचे वडील, असं. त्यायनं ते कापून टाकलं. म्हणे, तुमचं स्वतःचं काही सांगा. दुसऱ्या वेळी म्हटलं, आमच्या घरी एक बेंजो होता. मंग कोणी विचारलं, कोण वाजवे? तोंडातून निघालं आजोबा. मंग तेच चालू राहिलं. मी काही ठरवून नाही केलं."

"तुले तुझं स्वतःचं काही नव्हतं?" मी म्हणाले. "या गल्लीत जन्मला तू. दिवसभर ठोकाठोकी, घागरी, पराती, ताटांचे ढीग. एवढे आवाज माझ्याकडे असते तर..."

"भांड्याच्या दुकानाची गोष्ट कोण ऐकते?" तो पटकन म्हणाला.

त्याचं ते वाक्य जरा मोठ्यानं गेलं. त्याचे वडील गल्ल्यावरून उठले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबा म्हणाले आणि आत आले.

"काय झालं? कोणता बेंजो?"

मी मोबाइल काढला आणि व्हिडिओ लावला. तसं करायचं मी ठरवलं नव्हतं. पण आता मागे फिरायचंही नव्हतं. त्याच्या वडिलांनी उभ्याउभ्या सगळं ऐकलं. व्हिडिओ संपला तरी ते पडद्याकडेच बघत होते.

"माझ्या बापानं कधी बेंजो वाजवला गा?" त्यांनी मुलाला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरोखरच विचारत होते.

"बाबा, ते तसं नाही..."

"माझा बाप सायकलीले भांडी बांधून गावागावचे बाजार करे. उन्हात, पावसात. त्याच्या जोरावर हे दुकान झालं. अन् माय कधी दुपारी झोपली? तिले दुपार होती का?" त्यांनी रांगेतला एक गुंड सरळ केला. "तुले आजा पाहिजे होता तर तुले होता ना बापा. त्याले काहून काढून टाकलं?"

मी भांडायला गेले होते. पण त्या माणसाकडे पाहून मी मोबाइल पर्समध्ये टाकला. माझ्या बाबांचं जे गेलं होतं ते निदान दुसऱ्याच्या नावावर का होईना, जिवंत होतं. यांचा बाप तर पुसलाच गेला होता, आणि तोही मुलाच्या हातून.

मी निघाले तसा तो मागे बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "आज संध्याकाळी स्टेजवर सांगतो. सगळं खरं सांगतो. काकाले घेऊन ये. पुढच्या रांगेत बसा."

मी विश्वास ठेवला. आता आठवलं की माझाच मला राग येतो. पण बेंजोला कान लावून डोळ्यांत पाणी आलेला तो माणूस मी पाहिला होता.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आई आली नाही. सभागृह भरलेलं होतं. तो चांगला वाजवतो, हे मला कबूल करावंच लागेल. उजव्या हाताची सगळी बोटं सारख्या वजनानं पडत होती, खालची चाल कुठेही ढळत नव्हती. ज्या हातांना मी शिकवलं ते हात इतके तयार झालेले पाहताना मला अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानाचीच चीड येत होती. मधल्या एका धुनीनंतर त्यानं माइक जवळ घेतला.

"आज इथं एक खास पाहुणे आले आहेत," तो म्हणाला. "खापरखेड्याचे एक काका. तेही बेंजो वाजवायचे. माझ्या आजोबांचे जुने स्नेही. दोघं एकत्र भजनाला बसायचे. काका, जरा उभे राहता?"

टाळ्या सुरू झाल्या. दिव्याचा झोत आमच्यावर आला. बाबा माझ्याकडे बघू लागले. उभं राहावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांचा हात धरून ठेवला होता. पण आजूबाजूचे लोक हसून खुणावू लागले, तेव्हा ते अर्धवट उठले, हात जोडले आणि बसले. आयुष्यात कधी न भेटलेल्या, त्यांच्या जन्मगावच्या बाजारात कदाचित भांडी विकून गेलेल्या एका माणसाचे बाबा त्या क्षणी स्नेही झाले.

मध्यंतरात आम्ही बाहेर पडलो. स्कूटीवर मागे बसलेले बाबा घराच्या वळणावर जरा पुढे झुकले. मग म्हणाले, "आईले सांगू नको मी उभा राहिलो ते."

त्यानंतर मी त्याला एकच मेसेज केला : बेंजो परत पाठव. महिन्याभरात ट्रान्सपोर्टनं खोकं आलं. त्यानं खरंच दुरुस्त करून घेतला होता. नवं पॉलिश, नव्या तारा, पांढरी शुभ्र बटणं. जुनी लाल अक्षरं अर्थातच नव्हती. बाबांनी मांडीवर घेतला, पट्टी बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. काहीच आवाज झाला नाही. कुणीतरी चांगल्या हेतूनं बटणांखाली मऊ नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या बसवल्या होत्या, खडखड होऊ नये म्हणून. बाबांनी आणखी दोन-तीन बटणं दाबून पाहिली. मग पट्टी घेऊन एक भजन वाजवलं. छान वाजलं. आई दारात उभी राहून ऐकत होती. भजन संपल्यावर बाबांनी बेंजो कपाटावर ठेवून दिला.

पुढे एका स्थानिक रेडिओवर मला बोलावलं. गिटार वाजवणाऱ्या नागपूरच्या बायका, असा काहीसा विषय होता. निवेदिकेनं विचारायचं तेच विचारलं : टॅपिंग कुठून आलं? माझ्या ओठांवर खापरखेड्याची दुपार होती. आणि मला समजलं की मी ती सांगू शकत नाही. लाखो लोकांनी ती त्याच्या तोंडून ऐकली होती. मी सांगितली तर नक्कल मी केल्यासारखं होणार. मी म्हणाले, "येत गेलं हळूहळू." निवेदिका पुढच्या प्रश्नाकडे वळली.

घरी बाबा रेडिओ लावून बसले होते. म्हणाले, "काहून नाही सांगतलं वं?"

"लोक म्हणतीन, त्याचं ऐकून सांगून राहिली."

"म्हणू दे ना," बाबा म्हणाले. "तू होती ना तिथी."

त्याचा आणि माझा संबंध आता उरलेला नाही. वाढदिवसाला त्याचा मेसेज येतो, मी उत्तर देत नाही. त्याच्या वडिलांना मात्र मी कधीमधी इतवारीत गेले की भेटते. ते चहा सांगतात. मुलाचं नाव आम्ही काढत नाही.

मागच्या हिवाळ्यात सक्करदऱ्याच्या एका छोट्या सभागृहात माझा एकटीचा कार्यक्रम झाला. फार लोक नव्हते. वाजवायच्या आधी मी ती गोष्ट सांगितली, नर्स असलेली आई, पहिली पाळी करून आलेले बाबा, सगळी. सांगताना वाटत होतं, जणू मीच खोटं बोलतेय. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण मुलगी जवळ आली. थोडी संकोचून म्हणाली, "ताई, ही गोष्ट मी आधी ऐकली आहे. दुसऱ्या एका गिटारिस्टकडून."

"हो," मी म्हणाले. "तो आमच्याकडे शिकायला यायचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. तिनं "छान वाजवलंत" म्हटलं आणि मैत्रिणींच्या मागे निघून गेली. मी वायर गुंडाळायला घेतली.